नाजूक जोडी आणि सतत चढवणारा गडी

होल्डेम पोकरवरच्या गेल्या लेखानंतर आलेल्या पत्रांत एक तक्रार फिरून फिरून दिसली. हातात नव्व्यांची किंवा दश्श्यांची जोडी आहे, फ्लॉपवर, म्हणजे टेबलावर उघडलेल्या पहिल्या तीन सामाईक पत्त्यांवर, आपणच पुढे असू असे वाटते आहे, आणि समोरचा गडी रेजवर रेज चढवतो आहे, म्हणजे लावायची रक्कम वाढवत नेतो आहे. अशा हाताला आम्ही येथे नाजूक म्हणू: आत्ता पुढे, पण राहिलेल्या एक-दोन पत्त्यांत मागे पडू शकणारा. नाजूक आणि कमजोर यांची गल्लत केली की एक तर भलत्या वेळी पॉट (मध्ये जमलेल्या चिप्स) सुटतो, नाही तर भलत्या वेळी सगळा स्टॅक (आपल्यापुढच्या चिप्स) आत जातो. खालची सगळी उदाहरणे नो-लिमिट होल्डेमची आहेत, म्हणजे बेट, लावायची रक्कम, किती मोठी असावी याला मर्यादा नाही. प्रत्येकाच्या हातात दोन पत्ते, आणि बोर्डावर सगळ्यांचे मिळून पाच: तीनचा फ्लॉप, मग टर्न, शेवटी रिव्हर. टुर्नामेंटचा प्रश्न सोडला तर ब्लाइंड (पत्ते पाहण्याआधी दोघांनी लावायच्या सक्तीच्या रकमा, स्मॉल आणि बिग) ५०/१०० आणि प्रत्येकापुढे १०,००० चिप्स असे धरले आहे.

प्रश्न : माझा सगळा सराव तीन पत्तीचा. तिथे चाल वाढवली की कच्चे पत्तेवाले पॅक करतात. होल्डेममध्ये मी मधल्या जागेवरून इस्पिक आणि चौकट नव्वी घेऊन ३०० केले, बटनवरच्या, म्हणजे फ्लॉपपासून सगळ्यांत शेवटी बोलणाऱ्या, आक्रमक गड्याने कॉल केला (तेवढेच लावले), बाकी सगळे गेले. पॉट ७५०. फ्लॉप आला बदाम अठ्ठी, बदाम छक्की, किलवर तिर्री. त्याला घालवायचे म्हणून मी पूर्ण पॉट, ७५० लावले. त्याने २,२५० केले. मी ऑल-इन गेलो, सगळ्या चिप्स लावल्या, आणि त्याने अठ्ठ्यांची तिकडी दाखवली. पहिलीच बेट आणखी मोठी हवी होती का? (ठाणे)

नाही, लहान हवी होती. तीन पत्तीत वाटलेले तीन पत्ते शेवटपर्यंत तेच राहतात. मागचा गडी पुढे येण्याचा प्रश्नच नसतो, त्यामुळे तिथे चाल वाढवण्यात फक्त दबाव असतो. होल्डेममध्ये फ्लॉपनंतर दोन पत्ते यायचे असतात, म्हणून बेट लावण्यामागे दोन वेगळी कारणे असतात. वाईट हाताकडून पैसे घ्यायचे, किंवा मागे असलेल्याला फुकटचा पत्ता द्यायचा नाही. आपण किती लावतो हे या दोन कारणांनी ठरायला हवे. भीती किती वाटते त्यावर ते ठरू लागले की गडबड होते.

फुकटच्या पत्त्याची किंमत आकड्यात काढू. समजा त्याच्याकडे राजा-राणी आहे, बदामाविना. त्याला तीन राजे आणि तीन राण्या उपयोगाच्या, म्हणजे न दिसलेल्या ४५ पत्त्यांत ६. पुढच्याच पत्त्यावर तो पुढे जाण्याची शक्यता १३ टक्के. ७५०च्या पॉटमध्ये १३ टक्के म्हणजे १०० चिप्स. त्या १०० वाचवण्यासाठी तुम्ही ७५० पुढे सरकवल्या. राजा-राणी तर ३७५ लावल्यावरही जाते, कारण अर्ध्या पॉटच्या बेटला कॉल करायला २५ टक्के लागतात. दोन्ही पत्ते मिळून त्याचे जेमतेम तेवढे होतात, आणि टर्नवर पुन्हा बेट येणार हे त्यालाही कळते. बदामाचे दोन पत्ते घेऊन बसलेला मात्र दोन्ही बेटना राहतोच. त्याचा फ्लश (एकाच रंगाचे पाच पत्ते) टर्नवर लागण्याची शक्यता २० टक्के, म्हणजे अर्ध्या पॉटलाही तो कॉल त्या क्षणी महागच पडतो. तो महागाई भरून काढतो ती फ्लश लागल्यावर तुमच्याकडून आणखी वसूल करून. म्हणून तिसरा बदाम पडल्यावर हात आवरता घेणे हाच खरा बचाव. आणि तिकडीवाला कोणत्याही बेटला जाणार नाही.

आता रेज. तुम्ही ४०० लावले आणि त्याने १,२०० केले असे धरा. पॉटमध्ये २,३५० झाले, तुम्हाला ८०० द्यायचे आहेत. ३,१५०च्या पॉटसाठी ८००, म्हणजे तुमचा हिस्सा, जिंकण्याची शक्यता, २५ टक्क्यांच्या वर असला की पुरे. त्याच्याकडे काय काय असू शकते ते मोजा. एकच हात किती वेगवेगळ्या पत्त्यांनी जमतो त्याला टेबलावर कॉम्बो म्हणतात. अठ्ठ्या, छक्क्या किंवा तिर्र्यांची तिकडी प्रत्येकी ३ कॉम्बो, मिळून ९. एकाच रंगाची अठ्ठी-छक्की ३. झाले १२. यांच्यापुढे तुमचा हिस्सा सरासरी १३ टक्क्यांच्या आसपास. दुसऱ्या बाजूला एक्का-राणी, एक्का-चौकी, राजा-गुलाम असे दोन बदाम धरले तर चौदा-पंधरा कॉम्बो. शिवाय सत्ती-पंजी, नव्वी-सत्ती यांचे चार-पाच. या ड्रॉपुढे, म्हणजे पुढचा पत्ता लागला तरच जमणाऱ्या हातांपुढे, तुमचा हिस्सा निम्म्याहून थोडा अधिक. सत्ती-पंजीला तर तुमच्याच हातातल्या दोन नव्व्या नडतात, कारण सलग पाच पत्ते जमवायला तिला लागणाऱ्या आठ पत्त्यांतले (चौक्या आणि नव्व्या) दोन तुम्ही धरून आहात.

हे सगळे एकत्र केले की आक्रमक गड्याविरुद्ध तुमचा हिस्सा ३५ टक्क्यांच्या पुढे जातो, आणि कॉल स्वच्छ बसतो. हाच रेज सहसा गप्प खेळणाऱ्याने केला असता तर वरच्या १२ कॉम्बोंपलीकडे फारसे काही उरत नाही. तिथे हिस्सा १३ टक्के आणि नव्व्या निमूट टाकायच्या. रेज तोच, पॉट तोच. उत्तर बदलते ते खेळणाऱ्यावरून.

ऑल-इन चुकले ते असे. फ्लॉपवर पॉट ७५० आणि मागे ९,७००. स्टॅक पॉटच्या जवळपास तेरा पट असताना एका जोडीवर सगळे आत ढकलले की ज्या हातांकडून पैसे यायचे ते सगळे फोल्ड होतात (पत्ते टाकतात), आणि राहतात फक्त तिकड्या, दोन जोड्या आणि दोन मोठ्या पत्त्यांसकटचे बदाम. स्टॅक पॉटच्या तीन पट किंवा कमी असता तर आम्ही उलट सल्ला दिला असता.

प्रश्न : समोरचा नेहमी बेट मारतोच. मग हात नाजूक असला तरी चेक करून, म्हणजे काही न लावता पाळी पुढे देऊन, त्यालाच मारू द्यावे का? मित्र म्हणतात, ओव्हरकार्ड (जोडीपेक्षा मोठा पत्ता) पडेल, आधी आपणच लाव. (नाशिक)

दोन्ही बाजूंत तथ्य आहे. निर्णय एका आकड्यावर येतो: चेक केल्यावर तो शंभरातल्या किती वेळा बेट मारतो?

हातात गुलामांची जोडी, फ्लॉप नव्वी-पंजी-दुर्री तीन वेगळ्या रंगांत, पॉट १,०००. त्याच्याकडे एक्का-राजा. दोन्ही पत्ते येईपर्यंत त्याची शक्यता २५ टक्के, तुमची ७५. तुम्ही ५०० लावले आणि तो गेला, तर तुम्हाला पूर्ण १,००० मिळाले. आता चेक करा. त्याने ६०० मारले, तुम्ही कॉल केले, पुढे दोघेही चेक करत गेले. पॉट २,२००, त्याचे ७५ टक्के १,६५०, त्यातून तुमचे ६०० वजा केले की राहतात १,०५०. त्यानेही चेक केले तर फुकटचा पत्ता गेला आणि तुमच्या वाट्याला १,०००चे ७५ टक्के, ७५०.

म्हणजे त्याने बेट मारली की बेट लावून त्याला घालवण्यापेक्षा तुम्ही ५० ने वर, नाही मारली तर २५० ने खाली. बरोबरी व्हायला त्याने १०० पैकी ८३ वेळा मारायला हवे. एवढे मारणारे थोडेच. पुष्कळ जण 'तो सारखा मारतो' म्हणतात तेव्हा प्रत्यक्षात तो साठ-सत्तर टक्के मारत असतो, आणि तेवढ्याने भागत नाही.

पण तो टर्नवरही थांबत नसेल तर हिशेब पालटतो. धरा की पत्ता लागला नाही तरी तो निम्म्या वेळा टर्नवर १,४०० मारतो, लागला तर नेहमीच मारतो, आणि तुम्ही दोन्ही वेळा देता. अशा गड्याविरुद्ध बरोबरीचा आकडा ८३ वरून ४३ च्या आसपास उतरतो. कारण टर्नवर त्याला सहाच पत्ते उपयोगी असताना तो १,४०० टाकतो आहे, आणि त्यातले बहुतांश तुमचे आहेत. तेव्हा पाहायचे ते एवढेच की हा एकदा मारून थांबतो की दुसऱ्यांदाही मारतो. एकदाच मारणाऱ्यासमोर नाजूक जोडीने आपणच बेट लावावी. दुसऱ्यांदाही मारणाऱ्यासमोर चेक करून कॉल करावे, आणि एक्का किंवा राजा पडला तरी लगेच पत्ते टाकू नयेत. एक्का पडला की असा गडी हातात एक्का नसतानाही मारतो.

हे गणित कोरड्या बोर्डाचे आहे. बोर्ड दश्शी-नव्वी-सत्ती असा, त्यात दोन पत्ते एका रंगाचे असले तर त्याच्या बेटमागे सहाऐवजी आठ, नऊ, बारा पत्ते असतात. तिथे बेट तुम्हीच लावा, थोडी मोठी, दोन तृतीयांश पॉटपर्यंत. पॉटमध्ये तिसरा गडी असेल तर चेकचा विचारच सोडा. दोघांचे मिळून उपयोगी पत्ते एवढे होतात की फुकटचा पत्ता फार महाग पडतो.

प्रश्न : रेज करणारा माझ्या डावीकडे असला की माझे सगळे बिघडते, उजवीकडे असला की बरे जाते. हा भ्रम आहे का? (पणजीला अधूनमधून जाणारा वाचक, पुणे)

भ्रम नाही. खेळ डावीकडे सरकतो. उजवीकडचा तुमच्याआधी बोलतो, डावीकडचा तुमच्यानंतर. उजवीकडच्याने ४०० केले की तुम्ही दश्श्यांच्या जोडीवर १,२०० करून बाकीच्यांना बाहेर ठेवू शकता आणि पुढचे तीनही टप्पे त्याच्या मागून खेळता. नाजूक जोडीला याचा सर्वाधिक फायदा, कारण तिचे मूल्य गर्दीत झपाट्याने घसरते. कोणत्याही दोन पत्त्यांवर राहणारा एकच गडी समोर असेल तर दश्श्या साधारण ७५ टक्के वेळा जिंकतात. असे दोन असतील तर ५८ च्या आसपास, तीन असतील तर ४५.

दुसरी बाजू फ्लॉपची. दश्श्या हातात असताना फ्लॉपवर गुलाम, राणी, राजा, एक्का यांतला एक तरी पत्ता येण्याची शक्यता जवळपास ७० टक्के आहे. गुलामांना हाच आकडा ५७, राण्यांना ४१. दहातल्या सात फ्लॉपवर दश्श्यांपेक्षा मोठा पत्ता दिसणारच, हे टेबलावर बसण्याआधी मनाशी पक्के असावे. तो पत्ता समोरच्याला लागलाच असे नाही. एकटा आक्रमक गडी समोर असेल तर त्याचे अर्धेअधिक हात त्या फ्लॉपलाही कोरडेच राहतात. तिघे असतील तर कुणाला तरी लागलेले असते.

तो डावीकडेच राहणार असेल तर खेळ उलटा करा. फ्लॉपवर चेक करा आणि त्याला मारू द्या. मधले सगळे गडी तुमच्याआधी उत्तर देतात आणि शेवटी पाळी तुमची येते. त्याच्या बेटवर आणखी दोघे राहिले तर दश्शी-छक्की-चौकी बोर्डावर नव्व्या टाकायला एक चिपही लागलेली नसते. सगळे गेले तर त्याच्या एकट्याच्या बेटला तुम्ही निवांत कॉल करता. अशा जागेवरून पहिल्या फेरीतला हातांचा पसाराही कमी करावा. लहान जोड्यांवर रेज करून त्याच्या रेजला रोज फोल्ड करणे हा हळूहळू रक्त जाण्याचा प्रकार आहे. आणि त्याच्या डावीकडची जागा रिकामी झाली तर डीलरकडे जागाबदल मागून घ्या. कॅश टेबलांवर बहुतेक रूममध्ये ही सोय असते, लोक संकोचाने मागत नाहीत एवढेच.

प्रश्न : 'आपण कुठे आहोत हे कळावे' म्हणून फ्लॉपवर रेज करावा असे शिकलो आहे. आक्रमक गड्यासमोर चालेल? (बेळगाव)

चालणार नाही. तुम्ही रेज केला आणि तो गेला तर कळले की तो मागे होता, पण त्याचे ब्लफ, हातात काही नसताना मारलेल्या बेटही, गेले. पुन्हा रेज झाला तर काहीच कळले नाही, कारण तो ड्रॉवरही तसेच करतो. माहिती विकत घेतली ती निरुपयोगी आणि पॉट मात्र तिप्पट. ही सवय लिमिट खेळातून आली असावी. तिथे बेटचा आकार ठरलेला असतो, आणि मागच्या गड्यांना एकाऐवजी दोन बेटची किंमत लावण्याचा रेज हाच एक मार्ग असतो. नो-लिमिटमध्ये आकार तुमच्या हातात आहे, तिथे याची गरज पडत नाही.

प्रश्न : बिग ब्लाइंडमध्ये मी बदामाचा एक्का आणि दश्शी घेऊन बटनच्या रेजला कॉल केला. बोर्ड : इस्पिक दश्शी, इस्पिक सत्ती, चौकट चौकी, टर्न किलवर दुर्री, रिव्हर बदाम राणी. त्याने तीनही वेळा बेट मारली. रिव्हरला पॉट ३,००० आणि बेट २,०००. मी टाकून दिले. त्याने हसत ब्लफ दाखवला. अशा वेळी ठरवायचे कसे? (छत्रपती संभाजीनगर)

दाखवलेल्या एका ब्लफवरून काहीच ठरवू नका. तो दाखवण्यामागे तुम्ही पुढच्या वेळी चुकावे हाच हेतू असतो. ठरवायचे ते मोजून.

७,००० च्या पॉटसाठी २,००० म्हणजे तुम्ही शंभरातल्या २९ वेळा बरोबर असलात तरी पुरे. रिव्हरवर हात नाजूक राहत नाही, पत्ते संपले. तो आता फक्त ब्लफ पकडणारा हात आहे: समोरच्याच्या खऱ्या हातांपुढे हरतो, फसलेल्यांपुढे जिंकतो. दश्शीची जोडी म्हणून तो किती सुंदर दिसतो याला किंमत नाही.

तुम्हाला हरवणारे हात मोजू. सत्त्या, चौक्या, दुर्र्या यांच्या तिकड्या ९ कॉम्बो. दश्श्यांची तिकडी १, कारण एक दश्शी तुमच्याकडे आणि एक बोर्डावर. राण्यांची तिकडी ३. राजांची जोडी ६, एक्क्यांची ३. एक्का-राणी ९. एकाच रंगाची राजा-राणी ३. एकाच रंगाची दश्शी-सत्ती २. मिळून ३६.

आता फसलेले ड्रॉ. एक्क्यासह दोन इस्पिक: एक्का-राजा, एक्का-गुलाम, एक्का-नव्वी, एक्का-अठ्ठी, एक्का-छक्की, एक्का-पंजी, एक्का-तिर्री, म्हणजे ७. एक्क्याविना दोन इस्पिक: राजा-गुलाम, राजा-नव्वी, गुलाम-नव्वी, गुलाम-अठ्ठी, नव्वी-अठ्ठी, अठ्ठी-छक्की, छक्की-पंजी, आणखी ७. इतर तीन रंगांतली नव्वी-अठ्ठी, अठ्ठी-छक्की, छक्की-पंजी मिळून ९. एकूण २३.

३६ खऱ्या हातांसमोर २९ टक्के गाठायला साधारण १५ ब्लफ लागतात. म्हणून स्वतःला विचारायचा प्रश्न असा: फसलेल्या २३ पैकी १५, म्हणजे दोन तृतीयांश हातांनी हा रिव्हरला २,००० टाकतो का? जो तिन्ही टप्प्यांवर सुटतच नाही, तो टाकतो. कॉल करा. जो फ्लॉप आणि टर्नला जोरात असतो पण रिव्हरला निम्म्या वेळा आवरता घेतो, त्याच्याकडे अकरा-बाराच ब्लफ उरतात आणि तुमचा फोल्ड बरोबर ठरतो. असे गडी भरपूर आहेत. आक्रमकता टप्प्याटप्प्याने वेगळी नोंदवायला शिका.

आणखी एक बारकावा, ज्याकडे जवळजवळ कुणी पाहत नाही. तुमचा एक्का बदामाचा होता, ते चांगले होते. तोच इस्पिकचा असता तर? त्याच्या फसलेल्या हातांतले एक्क्याचे सातही इस्पिक कॉम्बो तुमच्या हातातल्या एका पत्त्याने पुसले जातात. २३ चे १६ होतात, हरवणारे ३६ तसेच राहतात. मग त्याने झाडून सगळे ब्लफ मारले तरी तुमचे ३१ टक्केच भरतात, कसेबसे. इस्पिकचा एक्का दिसायला भारी, पण येथे तो कॉलच्या विरुद्ध साक्ष देतो. दोन निर्णय सारखेच अवघड वाटले तर बोर्डावरच्या फसलेल्या फ्लशचा पत्ता ज्या हातात नाही, त्या हाताने कॉल करा.

प्रश्न : समोरच्याने ४०० मारले. मला १,४०० करायचे होते, म्हणून ५,००० ची एक चिप पुढे टाकली. डीलर म्हणाला कॉल झाला. टर्नवर त्याचा फ्लश लागला. नियम खरेच असा आहे? (कोल्हापूर)

असाच आहे. आधी काही न बोलता एकच मोठी चिप टाकली तर तो कॉल धरतात. चिप हातातून सुटण्याआधी 'रेज' म्हणा, मग आकडा सांगा. बोललेला शब्द बांधतो, म्हणून आकडा मनात ठरल्याशिवाय तोंड उघडू नये. चिप्स दोन हप्त्यांत सरकवू नका, न बोलता केलेला दुसरा हप्ता परत घ्यायला लावतात.

प्रश्न : टुर्नामेंटमध्ये स्टॅक २० ब्लाइंडचा उरला. मी बिग ब्लाइंडमध्ये अठ्ठ्यांची जोडी घेऊन. बटनवरचा गडी, तोही साधारण २० वर, कशावरही २.२ ब्लाइंडचा रेज करतो. कॉल की ऑल-इन? (नागपूर)

ऑल-इन, आणि फारसा विचार न करता. कॉल केलात तर अठ्ठीपेक्षा मोठा पत्ता फ्लॉपवर येण्याची शक्यता ८७ टक्के, तीही तुम्ही आधी बोलणारे असताना. तो प्रत्येक फ्लॉपवर मारणार आणि तुम्ही अंदाज बांधत बसणार.

हिशेब ब्लाइंडच्या मापात. त्याचे २.२, स्मॉल ब्लाइंडचा अर्धा, तुमचा १, अँटी (ब्लाइंडशिवाय डावाआधी टाकायची सक्तीची रक्कम) १, मिळून ४.७ मध्ये पडले आहेत. तो गेला तर ते तुमचे. त्याने कॉल केला आणि त्या हातांपुढे तुमचा हिस्सा ४५ टक्के धरला, तर ४१.५ च्या पॉटमधले १८.७ तुमचे. त्यासाठी टाकलेले १९ वजा केले की तोटा ०.३. तो साठ टक्के वेळा गेला तरी सरासरी २.७ ब्लाइंडचा फायदा आहे, वीसच्या स्टॅकला ही मोठी कमाई. तो जितक्या जास्त हातांवर रेज करतो, तितके जास्त हात त्याला टाकावे लागतात. हीच जोडी घेऊन १०० ब्लाइंडच्या कॅश टेबलावर हे करू नका.

बक्षिसांच्या उंबरठ्यावर मात्र थांबून पाहा. टेबलावर चार-पाच ब्लाइंड उरलेले दोन-तीन जण असतील, आणि तुम्हाला बाहेर काढू शकेल एवढा स्टॅक त्या बटनवाल्याकडे असेल, तर बाहेर पडण्याचा तोटा मिळणाऱ्या चिप्सपेक्षा मोठा होतो. तिथे अठ्ठ्या टाकणे सुज्ञपणाचे ठरते.

प्रश्न : पैसे न लावता सराव कसा करावा? ऑनलाइन बंद झाले आहे ना? (सोलापूर)

हो. ऑगस्ट २०२५ मधल्या केंद्राच्या कायद्याने पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ बंद झाले, मग ते कौशल्याचे म्हणवणारे असोत की नशिबाचे. गोव्याच्या कॅसिनोंतही २१ वर्षांखालच्यांना आणि खुद्द गोव्याच्या रहिवाशांना प्रवेश नाही.

वर सांगितलेले बहुतेक सगळे घरी, एका कॅटने शिकता येते. त्यातून इस्पिक आणि चौकट नव्वी काढून बाजूला ठेवा. बदाम अठ्ठी, बदाम छक्की, किलवर तिर्री मांडा. समोरच्याला बदामाचे एक्का-चौकी द्या. उरलेले ४५ पत्ते पिसून टर्न आणि रिव्हर उघडा, कोण जिंकले ते वहीत लिहा, पुन्हा पिसा. पन्नास वेळा. मग समोरच्याला साधे राजा-राणी देऊन पन्नास, अठ्ठ्यांची जोडी देऊन पन्नास. एका संध्याकाळी हे उरकते. पहिल्या खेपेला तुमच्या विजयांचा आकडा २७-२८ च्या जवळ रेंगाळेल, दुसऱ्या खेपेला ३७ च्या, आणि तिसऱ्या खेपेला चार-पाचवर अडकेल. मित्र सोबत असेल तर त्याला प्रत्येक खेपेला या तीनपैकी एक हात गुपचूप निवडून रेज करायला सांगा, तुम्ही कॉल की फोल्ड ते आधी लिहा आणि मगच पत्ते उघडा.